दहा टायरी की चौदा टायरी

त्या रविवारी हुरडा होता. धर्मापुरीजवळच्या शेतात बंकटकाकांनी आगटी पेटवली होती आणि अप्पा सकाळपासून मला विचारत होते, पायलट लोक हुरडा खातात का. मी म्हटलं, अप्पा, मीही पायलटच आहे. "तू घरची," ते म्हणाले. "पाव्हण्यांचं इचारतोय."

पाहुणे दोघं होते. कॅप्टन योगीराज मूळचे उदगीरचे. सुट्टीत गावी आले होते आणि येताना हैदराबादहून अपेक्षालाही सोबत घेऊन आले होते. अपेक्षा सांगलीची, माझ्यासारखीच को-पायलट, माझ्या मागोमाग कंपनीत लागलेली. आम्ही तिघंही मालवाहू विमानं उडवतो. हे आमच्या नातेवाइकांना अजून नीट समजलेलं नाही. लग्नाकार्यात कुणीतरी विचारतंच, विमानात किती लोक बसतात. अप्पांचं उत्तर ठरलेलं असायचं. "लोक न्हाईत, माल. माणूस कटकट करतो, माल करत न्हाई." अंबाजोगाईच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्यांचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस होतं. जन्मभर ट्रक भरून पाठवलेल्या माणसाला मुलीनं माल वाहण्यात कमीपणा वाटण्याचं कारण नव्हतं. उलट आपलाच धंदा मुलीनं पुढे चालवला असं ते सांगायचे. मला पायलट करायचं हे त्यांनी मी पाळण्यात असतानाच ठरवलं होतं, असंही सांगायचे. ते खरं नव्हतं, पण सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की मी कधी मध्ये बोलले नाही.

त्या दिवसांत आमच्या कंपनीत एकच विषय होता. नवी विमानं येणार. कोणती, किती, कधी आणि कुणाचं कंत्राट घेऊन, हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे प्रत्येकाला सगळं माहीत होतं. आमच्याकडची विमानं लहान अंगाची. पूर्वी त्यांत माणसं बसायची. पुढे सीट काढल्या, खिडक्या बुजवल्या, डाव्या अंगाला मोठा दरवाजा कापला. चांगली विमानं आहेत, पण हैदराबाद, दिल्ली, बेंगळुरू, कोलकाता आणि परत, याच्या फार पलीकडे ती जात नाहीत. आणि एका जातीच्या विमानाचं लायसन दुसऱ्या जातीला चालत नाही. नवं विमान नव्यानं शिकावं लागतं. म्हणून नवं विमान येणार म्हटलं की प्रत्येक जण मनातल्या मनात बॅग भरायला लागतो.

कंपनी आम्हाला काही सांगत नाही. आम्ही खुणांवरून ओळखतो. आगटीभोवती पोती अंथरून बसल्या बसल्या योगीराज सरांनी त्या महिन्याच्या खुणा मांडायला सुरुवात केली. इंजिनिअरिंगचे प्रमुख कुणालाही न सांगता सिंगापूरला जाऊन आले होते. परदेशातल्या एका सिम्युलेटर केंद्रात कंपनीच्या नावानं तारखा अडवल्याचं कुणाच्या तरी मेव्हण्यानं सांगितलं होतं. आणि हैदराबादला धावपट्टीकडच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली माल वर चढवणारं एक नवं यंत्र येऊन पडलं होतं. अपेक्षानं ताडपत्री उचलून पाहिली होती. ते आमच्या विमानांना लागतं त्याच्या दीडपट उंच जात होतं.

"म्हणजे दार उंचावर," सर म्हणाले. "म्हणजे रुंद अंगाचं विमान. लहान वालं नाहीच."

"पण सर, ते यंत्र भाड्यानं द्यायलाही आणलं असेल," अपेक्षा म्हणाली.

"तू ना, चांगल्या बातमीवर पाणी ओतायला सांगलीहून आलीस."

काका भाजलेली कणसं हातावर चोळून हुरडा पाखडत होते आणि सुपातून आमच्यासमोर टाकत होते. अप्पा गूळ, शेंगदाण्याची चटणी आणि दही प्रत्येकाच्या पुढ्यात सरकवत होते, पण कान सगळे आमच्याकडे. सरांनी ज्वारीचं एक धाट घेऊन जमिनीवर विमान काढलं. शक्यता दोन होत्या. एक मध्यम, एअरबस ए-३३०. दुसरं त्याहून मोठं, बोईंग ७७७. पहिलं आलं तर परदेशी पार्सल कंपनीचं कंत्राट. विमान आणि वैमानिक आपले, माल त्यांचा. दुसरं आलं तर थेट युरोप, मध्ये न थांबता, औषधं आणि मोबाईल. बोलता बोलता सरांचा आवाज चढत होता. अपेक्षा हुरडा खायची विसरली होती. मीही.

अप्पांचा प्रश्न प्रत्येक विमानाला एकच होता. टायर किती? मोंढ्यात ट्रकला नावानं कुणी ओळखत नाही, सहा टायरी, दहा टायरी, चौदा टायरी असंच म्हणतात. सरांनी मोजून सांगितलं. ए-३३० ला मागे दोन्ही अंगांना चार-चार आणि पुढे दोन, म्हणजे दहा. ७७७ ला मागे सहा-सहा आणि पुढे दोन, म्हणजे चौदा. हे ऐकून अप्पांना एवढा आनंद झाला की त्यांनी काकांच्या पाठीवर थाप मारली आणि निम्मा हुरडा सांडला.

"अन् ते नाकाचा फाळका उघडतंय ते?" त्यांनी विचारलं. त्यांनी कुठेतरी व्हिडिओ पाहिला होता, सगळं नाकच वर उचलून समोरून माल भरतात.

"अप्पा, ते आपल्याला परवडायचं नाही," सर म्हणाले.

"कावून? मागवायला काय जातंय."

मग अप्पांनी तो प्रश्न विचारला जो आमच्यात विचारत नाहीत. अपेक्षाकडे वळून म्हणाले, तुला कोणतं पायजे गं माय? अपेक्षा हसली आणि तिनं तोंडावर बोट ठेवलं. सरांना समजावून सांगावं लागलं. आमच्या लोकांत एक रीत आहे. कंपनी काय घेईल, कुणाला कुठे टाकतील, कोण कॅप्टन होईल, यावर दिवसभर बोला. पण स्वतःला काय पाहिजे ते तोंडानं बोलायचं नाही. मागे एका कॅप्टननी पसंती कळवायच्या आधीच पेढे वाटले होते आणि महिन्याभरात कंत्राटच मोडलं. तेव्हापासून कुणी बोलत नाही. शिकलेली माणसं आहोत, हवेचा दाब मोजून उडतो, पण ही रीत कुणी मोडत नाही.

अप्पांना हे काही विचित्र वाटलं नाही. "बराबर हाय," ते म्हणाले. "आमच्यात बी पयले असंच व्हतं." आणि त्यांनी खांद्यावरची दस्ती काढली.

जुन्या मोंढ्यात सौदा बोलून होत नसे. दोघं समोरासमोर बसायचे, हातांवर फडकं टाकायचे आणि फडक्याखाली बोटं दाबून भाव सांगायचे. आजूबाजूच्यांना काही कळायचं नाही. अप्पांनी लहानपणी आजोबांना तसं करताना पाहिलं होतं. त्यांनी डाव्या हातावर दस्ती पसरली आणि नियम सांगितला. एक बोट दाबलं तर आहे तेच जुनं विमान बरं, घराजवळ राहायचं आणि लवकर कॅप्टन व्हायचं. दोन बोटं म्हणजे मधलं. तीन म्हणजे जे येईल त्यातलं मोठ्यात मोठं, मग ते कुठंही नेऊन टाको. तोंडानं कुणी काही बोलायचं नाही, म्हणजे तुमची रीत बी मोडत न्हाई.

सर आधी नको नको म्हणाले आणि मग सगळ्यांत आधी त्यांनीच हात घातला. अपेक्षा इतकी हसत होती की तिला दोनदा दाबावं लागलं. मग अप्पांनी दस्ती माझ्यासमोर धरली. मी हात आत घातला. अप्पांचा तळवा गुळानं चिकट झाला होता. मी तीन बोटं दाबली. त्यांनी ती एक एक करून चाचपली, पुन्हा चाचपली, आणि हात सोडला. चेहऱ्यावर काहीही नाही. दलालाचा चेहरा हलला तर सौदा बुडतो, हे त्यांनीच मला लहानपणी सांगितलं होतं.

"झालं," ते म्हणाले. "तिघांचं बी मला कळलं. आता मी कुणाला सांगत न्हाई."

सरांनी विनवण्या केल्या. अपेक्षानं किमान सरांचं तरी सांगा म्हणून गळ घातली. अप्पा गुळाचा खडा तोंडात टाकून शांतपणे बसले, आणि मग आमच्या सगळ्यांच्या नशिबाची किल्ली आपल्याकडे असल्यासारखे उठून बैलांना पाणी पाजायला गेले. आई आंब्याखाली बसून हे सगळं पाहत होती. ती मला म्हणाली, हे आता आठवडाभर असेच वागणार.

घरी परतताना गाडीत त्यांनी माझ्या बोटांविषयी एक शब्द काढला नाही. एवढंच विचारलं, हैदराबादहून युरोप किती तास. मी म्हटलं आठ-नऊ. "मंजे आपल्या ट्रकला भिवंडीला लागतात त्याहून कमी," ते म्हणाले, आणि उरलेला रस्ताभर खुशीत गुणगुणत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे पूजा केली, कपाळाला भस्म लावलं आणि मोंढ्यात गेले. दुपारच्या आत तिथून फोन आला, अप्पा कोसळले. मेडिकल कॉलेजात डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. मी पोचले तेव्हा डॉक्टर हात पुसत बाहेर आले होते.

आम्हा लिंगायतांत दहन नसतं. गेलेल्या माणसाला मांडी घालून बसवतात, भस्म लावतात, हातात त्याचं इष्टलिंग देतात आणि बसलेल्या माणसासारखं नेतात. फुलांनी सजवलेल्या त्या मखराला जुनी माणसं विमान म्हणतात. त्या दिवशी तो शब्द कुणी उच्चारला नाही, आणि त्याबद्दल मी सगळ्यांची ऋणी आहे.

नंतरचे दिवस माणसांचे होते. बसायला येणारी माणसं, चहा, पुन्हा माणसं. मी रजा वाढवली. आईची झोप गेली होती, पण ती रडत कमी होती आणि कामं जास्त काढत होती. एके दिवशी ती उठून मोंढ्यात गेली, ऑफिसचं शटर उघडायला लावलं आणि अप्पांच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसली. काकांनी तिला घरी बस म्हटलं तर म्हणाली, घरात मी एकटी असते, इथं अख्खा बाजार हाय. मग मीही तिच्यासोबत जाऊन बसू लागले. ट्रकवाले यायचे, गप्प उभे राहायचे, मालाची बिल्टी घेऊन जायचे. घरी आणि मोंढ्यात काका भेटेल त्याला सांगत होते की शिवांजली आता हैदराबाद सोडून लांब जाणार नाही. कुणी मला विचारत नव्हतं आणि मी काही सांगत नव्हते.

अप्पांच्या गणाराधनेचं, दिवसांचं जेवण झाल्यानंतरच्या दिवशी दुपारी योगीराज सर आणि अपेक्षा आले. सर सतरंजीवर काकांच्या शेजारी बसले, अपेक्षा आईजवळ. मोंढ्यातली पाच-सहा माणसं होतीच. सरांनी घसा साफ केला, हुरड्याच्या दिवशीचं काही बोलायला गेले आणि थांबले. अपेक्षा आईचा हात धरून बसली होती.

मग सरांचा फोन थरथरला. त्यांनी पाहिलं नाही. पुन्हा थरथरला. मग अपेक्षाचा. मग माझा. तिघांचे फोन एकाच वेळी वाजतात तेव्हा ते काय असतं हे आम्हाला माहीत आहे. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि नजर खाली केली. पण सरांचा हात खिशाकडे गेला, तिथेच थबकला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एवढी धडपड दिसत होती की शेवटी आईच म्हणाली, "बघा हो. महत्त्वाचं असंल."

फोटो होता. परदेशातल्या कुठल्याशा विमानतळावर, रंगकामाच्या शेडच्या अर्ध्या उघड्या दारातून, विमानांचे फोटो काढायचा नाद असलेल्या कुणीतरी लांबून टिपलेला. विमानाचं अंग अजून हिरवट, बिनरंगाचं. पण शेपटावर निळा पट्टा चढला होता, आणि तो निळा आमच्या कंपनीचा होता. पुढचा भाग सगळा रंगाऱ्यांच्या मचाणामागे झाकलेला.

"आपलंच आहे," अपेक्षा कुजबुजली.

"निळा कुणाचाही असू शकतो," सर म्हणाले, पण त्यांचा आवाज फुटला होता.

"सर, त्या निळ्यात ती पांढरी रेघ बघा."

मी फोन डोळ्यांजवळ नेला. सकाळपासून डोक्यात जे जड होतं ते कुठे गेलं कळलं नाही. दार कुठे आहे ते मचाणामुळे दिसत नव्हतं. इंजिनांना कापड गुंडाळलं होतं. मग मी म्हटलं, सर, चाकं बघा. बाजूनं पाहिलं तर एकामागे एक दोन दिसतात की तीन? दोन असतील तर ए-३३०, तीन असतील तर ७७७.

काका इतका वेळ मान खाली घालून बसले होते. त्यांनी मान वर केली. "मंजे दहा टायरी का चौदा?"

हा प्रश्न ज्याचा होता त्याची आठवण एकदम सगळ्यांना झाली असावी. मग कोपऱ्यातले एक म्हातारे आडते म्हणाले, द्या इकडं, मला लांबचं दिसतं. फोन हातोहात गेला. सतरंजीवरची सगळी माणसं गुडघ्यांवर सरकत जवळ आली. एक जण म्हणाला तीन. दुसरा म्हणाला, तिसरी ती सावली हाय बे, नीट बघ. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, उतरवला, फोटो बोटांनी मोठा केला आणि नको तिथे सरकवून बसले. अपेक्षानं तो सरळ केला. मचाणाचा एक खांब चाकांच्या बरोबर मध्ये येत होता. सरांनी खांबाच्या दोन्ही बाजूंचं अंतर नखानं मोजलं. मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होते, आणि मला खांबामागचा दांडा दिसला, दोन चाकांना जोडणारा, आखूड. तिसऱ्याला त्यात जागाच नव्हती.

"दोन," मी म्हटलं.

"दोन," सर म्हणाले.

"दहा टायरी," काका म्हणाले, आणि सरांच्या पाठीवर थाप मारली. लगेच त्यांना आपण कुठे बसलो आहोत ते आठवलं आणि त्यांनी हात मागे घेतला. पण तोवर म्हाताऱ्या आडत्यांनी विचारलं होतं की दहा टायरीत माल किती बसतो. सरांनी सांगितलं, साठ टनांच्या आसपास. ते ऐकून खोलीतून एक लांब हुंकार उठला, कारण मोंढ्यातल्या दहा टायरीत त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही बसत नाही. मग प्रश्नांची सरबत्ती. भरतात कसं, एका बाजूला वजन जास्त झालं तर काय, आपलं सीताफळ जाईल का. अपेक्षा चहाच्या कपांनी दाखवत होती की पुढे आधी भरलं तर काय होतं आणि मागे आधी भरलं तर विमान शेपटावर कसं बसतं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या तोंडावर पदर होता. हसत होती की रडत होती मला दिसलं नाही.

मग सर माझ्याकडे वळले आणि आवाज खाली आणला. पसंती कळवायचा मेल मी पाहिला होता का, असं त्यांनी विचारलं. पाहिला होता. त्यात विमानाचं नाव नव्हतं. एवढंच होतं की नवा प्रकार येतोय, बेस देशाबाहेर असेल, तीन वर्षं तिथे राहावं लागेल, आणि आज संध्याकाळपर्यंत होय की नाही ते कळवा. सेवेच्या क्रमानं जागा भरणार होत्या, आणि त्या क्रमात को-पायलटची शेवटची जागा माझी होती. मी गेले नाही तर ती माझ्या मागच्याला मिळणार होती. माझ्या मागे अपेक्षा होती.

"तू काळजी करू नकोस," सर म्हणाले. "मी ऑफिसला सांगून ठेवलंय. घरची परिस्थिती अशी आहे, शिवांजली येणार नाही. तुला पुन्हा पुन्हा कुणी विचारायला नको."

ते समजावत गेले. मी रजा वाढवली होती. हैदराबादच्या ड्यूट्या कशा लागतात ते मी मध्ये फोनवर विचारलं होतं. मोंढ्यातल्या ऑफिसात बसायला लागले होते. सगळ्या खुणा एकाच बाजूच्या होत्या. आणि त्यात माझं नुकसानही नव्हतं. सीनियर लोक मोठ्या विमानावर गेले की इथे वर्षभरात मी कॅप्टन होणार. आम्ही कंपनीला जसं ओळखतो तसंच त्यांनी मला ओळखलं होतं, खुणा मांडून, कुजबुज जोडून, अगदी मायेनं. आणि चुकीचं ओळखलं होतं. मला काय हवं होतं ते एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस आता कुणाला सांगू शकत नव्हता.

काकांच्या कानावर हे गेलं होतं. त्यांनी मान डोलावली. "कॅप्टनसाहेबांनी बराबर केलं," ते मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "अप्पाला हौस व्हती. हिला पायलट करायची लई हौस. त्यांनी ती केली. आता ज्याची हौस तोच गेला, मग लांब जाऊन कुणाला दाखवायचं? हैदराबाद बरं. सकाळी निघाली की दुपारी घरी. वैनी एकट्या हायेत."

खोलीतल्या माना हलल्या. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. आतापर्यंत साठ टनांनी पेटलेले ते चेहरे पुन्हा भेटायला आलेल्या माणसांचे झाले. अपेक्षा कप गोळा करत होती. ती माझ्याजवळ आली, वाकली आणि अगदी हळू विचारलं, "ताई, तुम्ही खरंच थांबताय ना?" तिचे डोळे चमकत होते, आणि आपले डोळे चमकतायत याची तिला लाजही वाटत होती. मी होय म्हटलं असतं तर तिचं आयुष्य त्या दुपारी बदललं असतं. होय म्हणणं सोपं होतं. गप्प बसणं त्याहून सोपं होतं. संध्याकाळ आपोआप झाली असती, आणि पुढे मीही सगळ्यांना सांगितलं असतं की अप्पा गेल्यावर मनच उडालं.

आई दारातून पुढे आली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, काकांकडे पाहिलं.

"भाऊजी, तुमी समदे तिच्याबद्दलच बोलायलाव," ती म्हणाली. "तिला इचारा की."

सरांनी फोन उलटा करून मांडीवर ठेवला. सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि माझं हृदय असं धडधडत होतं जसं पहिल्यांदा एकटीनं विमान उचललं तेव्हा धडधडलं होतं. समोरच्या भिंतीवर अप्पांच्या फोटोला कालचा हार तसाच होता. माझ्यामुळे त्यांच्या हिश्शातलं काही कमी होईल, याची मला इतकी वर्षं भीती वाटत आली होती. पाळण्यातली ती गोष्ट खरी नाही, हे मी त्यांच्यासमोर कधी बोलले नव्हते, त्यांच्या मागे तर बोलणारच नव्हते.

"अपेक्षा, मी थांबत नाहीये," मी म्हटलं. "सर, तुम्ही ऑफिसला जे सांगितलंत ते मी आत्ता फोन करून खोडते. काका, ही हौस अप्पांची नव्हती. ते सांगायचे तसं काही झालंच नव्हतं. मी अकरावीत असताना माझी मी ठरवलं, आणि नंतर त्यांना इतकं आवडलं की मी ते त्यांचंच राहू दिलं. हौस माझी आहे. आई, मला ते विमान पाहिजे. मला लांब जायचंय. अप्पा गेलेत आणि मी त्यांच्या घरात, त्यांच्या सतरंजीवर बसलेय, आणि मला लई आनंद झालाय."